कपाळाला लावायचा हात

गिमारास, २० एप्रिल १९९८

चि. एस्तेलास,

आशीर्वाद. रिवाज म्हणून दिलाय, फुगून जाऊ नकोस.

धाकटी बहीण मनिलात मालिका लिहिते म्हणून मी गावभर मिरवत होते. दुकानातला टीव्ही अंगणात ओढून वीस-वीस बायका बघायच्या. सोमवारी काय बघितलं? पोरीवर सख्खा मामा हात टाकतो, ती मोठ्या बहिणीला सांगते, आणि बहीण तिचीच मानगूट धरून, आशीर्वाद घ्यायचा म्हणून, मामाचा हात कपाळाला लावायला लावते! वीस तोंडं माझ्याकडे वळली गं. शेजारची पासिंग म्हणाली, बहिणीच्या झग्यावरची फुलंसुद्धा तुझीच की, लुर्देस. जनाची नाही तर मनाची तरी लाज ठेवायचीस.

आई गेल्यावर आर्सेनियोमामांनी आपल्याला पोसलं. जूनपासून माझी जोविता कॉलेजसाठी इलोइलोला त्यांच्याच घरी राहणार आहे. पुढच्या भागात ती पोरगी खोटं बोलली होती असं दाखव. लेखणी तुझ्याच हातात आहे ना? नाहीतर इथे पाऊल टाकू नकोस.

लोभ आहे तेवढा पुरे.
लुर्देस

मनिला, २९ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझा आशीर्वाद खडे निवडून घेतला.

भाग बदलणार नाही. चॅनेलवाल्यांना शेवटी मामा रडून पाया पडलेला हवाय, त्यांच्याशी रोज भांडतेय. त्यात तुझी भर.

मी खोटं बोलले? चौदा वर्षांची होते. तुला सांगितलं तेव्हा तू मासे साफ करत होतीस. म्हणालीस, भलतंसलतं बरळू नकोस. रविवारी चर्चहून आल्यावर मी मामांचा हात घेतला नाही, तर तू मान दाबलीस. हात कपाळाला लागल्यावर ते म्हणाले, देव तुझं भलं करो. मला त्यांच्यापेक्षा तुझा राग जास्त आला, अजून येतो.

मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण जोविताला तिथे पाठवू नकोस. माझ्याकडे पाठव. खोली एवढीशी आहे, पण दाराला आतून कडी आहे.

लोभ असो वा नसो, एवढं ऐक.
एस्तेला

गिमारास, १८ मे

चि. एस्तेलास,

आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचून चुलीत घातलं.

काल गावजत्रा झाली. डुक्कर भाजलं होतं, अंगणात माणूस मावत नव्हता. मामा खुर्चीत बसले, पोरं ओळीने येऊन त्यांचा हात कपाळाला लावत होती. जोविता आली आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिली. मी तिला एका अक्षराने बोलले नव्हते, देवाशपथ. तुझी मालिका बघूनच शिकली असणार. मामा हसले. म्हणाले, टीव्हीने पोरी बिघडवल्या. हात मात्र तसाच पुढे.

आणि माझा हात कधी तिच्या मानेवर गेला, मला कळलंच नाही गं. पोरीची मान ताठ झालेली बोटांना लागली. तुझीही अशीच झाली होती.

मी हात काढला. सगळ्यांसमोर मामांना विचारलं, एस्तेला चौदाची होती तेव्हा तुम्ही काय केलंत, ते तुम्ही सांगता की मी सांगू? त्यांनी टोपी उचलली आणि न जेवता गेले. अर्धे पाहुणेही उठले. नवरा कालपासून माझ्याशी बोलत नाहीये. पासिंग तेवढी भांडी घासायला थांबली.

माझा राग गेलेला नाही. सगळ्या देशाला सांगितलंस, मला दुसऱ्यांदा सांगायला काय झालं होतं? पण पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मी काय केलं, हे मलाही ठाऊक आहे.

जोविता एक जूनच्या बोटीने येतेय. कडी नीट बसते का, आधी बघून ठेव.

लोभ मागायला मला तोंड नाही. मालिकेतल्या त्या बहिणीला एवढ्यात माफ करू नकोस.

लुर्देस