पापनिवेदन ऐकणाऱ्या नाकाबाबत

प्रति,
मा. बिशप महोदय,
धर्मप्रांत कार्यालय.

विषय : सुगंधविद्येचा वर्ग सोडण्याचा आदेश मागे घेऊन मे महिन्यातील परीक्षेस बसू देण्याबाबत.
संदर्भ : आपला, उपवासकाळात मिळालेला आदेश.

परमादरणीय महोदय,

सविनय सादर करतो की, मी ग्रास शहराच्या वरच्या डोंगरातील सेंत-ओलीव्ह गावचा धर्मगुरू असून गेल्या हिवाळ्यापासून ग्रास येथे अत्तरे बनवण्याच्या संध्याकाळच्या वर्गास जात आहे. हौस म्हणून गेलो नाही. देवळात येणारा धूप इतका वाईट होता की, गतवर्षी ईस्टरच्या मिस्सा-प्रार्थनेत वृद्ध मादाम फोर्त्युने ओबँ ठसकून ठसकून कोसळल्या आणि शुद्धीवर येताच म्हणाल्या, "फादर, स्वर्गात हाच वास असेल तर मला नका पाठवू." तेव्हा धूप स्वतःच करायला शिकावे, असे ठरवले.

वर्गाच्या बाई मादाम क्लेराक फार कडक आहेत. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "नाक देवानं दिलं, वापरायचं राहूनच गेलं वाटतं?" त्यांच्या मते प्रत्येक वासाला तीन मजले असतात. वरचा लगेच उडतो, मधला रेंगाळतो, तळचा शेवटपर्यंत हलत नाही. वास आला की हे मजले मोठ्याने म्हणायचे, असा त्यांचा दंडक. तो माझ्या अंगवळणी पडला आणि तिथेच घात झाला.

उपवासकाळातील एका शनिवारी पापनिवेदनाच्या पेटीच्या जाळीपलीकडून एक गृहस्थ सांगू लागले की, शुक्रवारचा उपास कडकडीत पाळला, मांसाला शिवलोही नाही. माझ्या तोंडून निघून गेले, "वर लसूण, मधे रोझमेरी, तळाला ससा."

पापनिवेदन गुप्त असते याची मला पूर्ण जाणीव आहे. नाव मी मरेपर्यंत घेतले नसते, परंतु शिकारी सेव्हरँ जिरो स्वतःच चौकात ओरडत सुटले, "अहो, मी कबूल करायच्या आत ह्यानं माझं पाप हुंगलं!"

गावाने धास्ती घेतली. कोणी लव्हेंडर चोळून येई, कोणी साबणाने अंग सोलून. एकजण खिशात बुरसटलेले चीज घेऊन आले. कोण ते कळले, पण लिहीत नाही. पुढे कोणीच येईना. महोदय, रिकाम्या पेटीत बसून जुन्या लाकडाचा आणि मेणाचा वास घेत राहणे काय असते, ते मी वर्गात शिकलेलो नाही.

फादर लोकांच्या भानगडीत नाक खुपसतात, ही तक्रार आपल्यापर्यंत पोहोचली व मी वर्ग सोडावा आणि ईस्टरचे पापनिवेदन दुसऱ्याने ऐकावे, असा संदर्भीय आदेश आला. त्यानुसार ईस्टरच्या आदल्या दिवशी शेजारच्या गावचे वयोवृद्ध फादर बास्तीद पापनिवेदन ऐकण्यास आले. त्यांचे नाक बारमाही चोंदलेले असल्याने भलीमोठी रांग लागली. मात्र त्यांना ऐकूही येत नाही, हे कार्यालयाच्या नजरेतून सुटले असावे. पेटीतून आवाज घुमला, "मोठ्यानं बोल गं बाळ! कुणाबरोबर? पाववाल्याबरोबर, की पाववाल्याच्या भावाबरोबर?"

रांगेत पाववाला होता. त्याची बायको होती. भाऊही होता. पुढचे मी कानांवर हात ठेवल्याने ऐकले नाही. इतर सर्वांनी ऐकले.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी खुद्द सेव्हरँ चार माणसे घेऊन माझ्या दारात आले. टोपी हातात, मान खाली. म्हणाले, "फादर, तुम्हाला कळतं ते निदान तुमच्यापाशी राहतं. फक्त ते मजले-बिजले मनातल्या मनात म्हणत जा." मी तसे वचन दिले.

गेल्या शनिवारी लोक परत आले. एका व्यक्तीने (नाव लिहीत नाही) वैतागून विचारले, "तुम्हाला सगळं आधीच कळलंय, मग मी सांगू तरी काय?" मी म्हणालो, "सांगा. काय झालं ते वासावरून कळतं. त्याचं वाईट वाटलं का, ते नाही कळत." ती व्यक्ती बराच वेळ बोलत होती. मी फक्त ऐकत होतो.

तरी नाकामुळे कानाचे काम अडत नाही, हे ध्यानी घेऊन मला परीक्षेस बसू द्यावे आणि फादर बास्तीद यांना सन्मानाने त्यांच्या गावी राहू द्यावे, ही विनंती.

आपला नम्र,
नाक मुठीत धरून उभा असलेला,
फादर ओरेलियँ कास्तेल
सेंत-ओलीव्ह, २२ एप्रिल १९५८

सोबत :
१) मादाम क्लेराक यांचा दाखला.
२) ग्रामस्थांच्या सह्यांचे निवेदन. (फादर बास्तीद यांचीही सही आहे. ती कशावर करत आहेत, हे त्यांना दोनदा ओरडून सांगितले होते.)