तेलाचं भोक

सातपूर, नाशिक

ती. लंकावहिनी,

नमस्कार लिहायला हात धजत नाही.

घोटीच्या आपल्या भातगिरणीचं, आजोबांच्या वेळचं ऑइल इंजिन दादानं माझ्याकडे दुरुस्तीला दिलं तेव्हा म्हणाला होता, "शेखर, शाफ्ट ज्यात फिरतो तो बुश ब्रॉंझचाच टाक. कोरडा पडला तर आधी ओरडतो तरी." मी हसलो. लेथजवळ बिडाचा तुकडा पडला होता. "तेल मिळालं की बीडही जन्मभर चालतं, दादा," म्हटलं आणि बिडाचाच बसवला.

तिसऱ्या दिवशी तो आवाजही न करता जाम झाला. शाफ्ट तुटला आणि फ्लायव्हील निसटून दादाच्या अंगावर आलं.

रोज सकाळी तेल तुम्ही घालत होतात. दहाव्याला सगळे तुमच्याकडेच बघत होते. तेव्हा "घातलं होतं हो" म्हणत होतात; आता तुम्हीच म्हणता, विसरले असेन.

वहिनी, तुम्ही विसरला नव्हतात. तो बुश मी काढून आणलाय. कपाटात आहे, तुम्हाला लिहिलेल्या आधीच्या पत्रांखाली. त्याला तेलाचं भोकच नाही. ते पाडायचं मी विसरलो.

हे सांगायला तीनदा घोटीला आलो. तिन्ही वेळा तुम्ही मला जेवायला वाढलंत, आणि मी जेवून परत आलो.

शेखर