सात नंबरचा अर्ज

१४ मार्च, मंगळवार

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, तूही बरा असशील. अक्षरं मुद्दाम मोठी काढली आहेत आणि ओळींमध्ये जागा सोडली आहे. हे पत्र खोलीतल्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस. वेळ लागला तरी चालेल, पण तूच वाच.

आईचा गुडघा आता कमी दुखतो. मागच्या भिंतीची ओल बाबांनी खरवडून काढली होती, ती परत आली. वहिनी आणि छोटी रविवारी येऊन गेल्या. "बाबा कुठे?" विचारलं की छोटी फोनकडे बोट दाखवते. वहिनी म्हणाली, "माहेरी कुणी काही बोलत नाही, पण मी स्वयंपाकघरात गेले की भावजय बाहेर येते." हसत म्हणाली. मीही हसले.

घराचं जरा लांबलंय, असं बाबांनी तुला फोनवर सांगितलं असेल. ते लांबलेलं नाही. पण मी पहिल्यापासून सांगते, नाहीतर मला नीट सांगता येणार नाही.

लाकडाच्या जुन्या वखारीची जागा गावाच्या ट्रस्टने घेतली, हे तुला माहीत आहे. सुट्टीपुरते येणारे लोक इथली घरं मागतील त्या भावाने घेतात आणि गावातली माणसं बाहेर पडतात, म्हणून हा खटाटोप. जमीन कायम ट्रस्टची, वरचं घर राहणाऱ्याचं. सोडून जायचं झालं तर घर ट्रस्टलाच द्यायचं, ठरलेल्या भावात. "म्हणजे भिंती आपल्या आणि पाया गावाचा," बाबा म्हणाले होते. "चालेल. मला कुठे पाया घेऊन पळायचंय?" पहिली घरं नऊ होती, अर्ज आले एकतीस.

ट्रस्टच्या कचेरीत अर्ज लिहून द्यायचं काम माझ्याकडे आहे. नियम असा की माणूस सांगेल तेच लिहायचं, आपला शब्द घालायचा नाही, मग वाचून दाखवायचं आणि सही किंवा अंगठा घ्यायचा. तुझ्या वतीने बाबा आले. इस्त्रीचा सदरा घालून रांगेत उभे राहिले. मी म्हटलं, बाबा, घरी लिहू. तर म्हणाले, "का? मी काय चोरून लिहून घेतोय?" नंबर आल्यावर समोर बसले आणि इतरांसारखं मला 'मॅडम' म्हणाले. मागचे लोक हसले. बाबांना फार मजा वाटत होती, दादा.

मी विचारलं, मुलगा कुठे राहतो?

"घरीच असतो. कामाला जाऊन येऊन."

सहा वर्षं तू तिकडे आहेस. मी ते तसंच लिहिलं, वाचून दाखवलं आणि अंगठा घेतला. अर्जात शेवटी एक रकाना आहे, घर नाही म्हणून गाव सोडावं लागलेल्यांसाठी. तो तुझा रकाना होता. बाबांना तो दाखवायला हवा होता. सगळ्यांसमोर त्यांना खोटं पाडणं मला जमलं नाही. आणि घरं गुणांवर मिळतात, सलग गावात राहणाऱ्याला गुण जास्त आणि त्या रकान्याला कमी, हेही मला ठाऊक होतं.

समितीपुढे अर्ज नाव झाकून, फक्त नंबराने वाचतात. सात नंबर तुझा. वाचला मीच. त्याला शेवटचं, नववं घर लागलं. नावं उघडल्यावर दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिलं, पण बाबांना सगळे मानतात, त्यांच्या मुलाला नको कोण म्हणणार? अध्यक्ष आपल्या जुन्या नर्सबाई आहेत. त्यांनी माझ्याकडे बघत विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?" मी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

यादीत दहावी आली ती शिवणकाम करणारी ताई, गिरणीच्या मागच्या खोलीत दोन मुलींना घेऊन राहते ती. दुसऱ्या दिवशी कचेरीत आली. म्हणाली, "माझा अर्ज परत वाचून दाखव ना. माझ्याच सांगण्यात काही राहिलं असेल." काही राहिलं नव्हतं. आईच्या आजारपणात ती आठ महिने गावाबाहेर होती, हे तिने आपणहून सांगितलं होतं आणि तिचे गुण त्यातच गेले. मी म्हटलं, ते सांगितलं नसतंस तर... ती म्हणाली, "अगं, तू लिहीत होतीस. तुझ्यासमोर खोटं कसं सांगू?"

मी त्याच दुपारी नर्सबाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू नियम पाळलास, की नियमामागे लपलीस?"

लपले, म्हटलं.

"मग समितीसमोर तूच सांग. तुझ्या वतीने मी बोलणार नाही."

शुक्रवारी बैठक झाली. बाबांनाही बोलावलं होतं. मी तोंड उघडायच्या आत ते उठले. "मी सांगितलं ते तिनं लिहिलं. पोरीची काही चूक नाही." मला तिथे गप्प बसता आलं असतं. मी म्हटलं, मला माहीत होतं.

तेव्हापासून बाबा माझ्याशी बोललेले नाहीत. सकाळी माझी सायकल मात्र पुसून ठेवतात.

नववं घर ताईला मिळालं. तुझं नाव यादीतून निघालं, पण कायमचं नाही. वखारीच्या मागच्या बाजूला आणखी चार घरं व्हायची आहेत, त्यांचे अर्ज जूनमध्ये. तुला स्वतः यावं लागेल. शेवटचा रकाना भरायचा, सहा वर्षं कुठे होतास ते खरं सांगायचं. घर मिळेलच असं नाही. नातेवाइकांचे अर्ज मी लिहायचे नाहीत असं आता ठरलंय. तुझा नर्सबाई लिहितील.

वहिनीला अजून कुणी सांगितलेलं नाही. ती पडद्यांचं कापड बघून ठेवते आहे. मी सांगायला निघाले होते, अर्ध्या वाटेवरून परतले. आधी तुला कळायला हवं, असं मनाला समजावलं. ते खरं होतं की नुसती भीती, मला सांगता येत नाही. तू सांगणार असशील तर तू सांग. नाहीतर दोन ओळी लिही, मी जाते.

ताईला घर मिळालं याचं मला वाईट वाटत नाही, आणि हे तुला लिहायची लाज वाटते. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर नको बोलूस. जूनमध्ये मात्र ये.

तुझं घर घालवणारी,
तुझीच बहीण