दुसरी परदेशी भाषा

हैदराबाद, १२ जुलै

प्रिय शालूवहिनी,

खुशबू आधाराशिवाय बसायला लागली, हे आईकडून कळलं. लाखांदूरला तुझ्या माहेरी धानाची रोवणी सुरू झाली असेल, आणि तू तिला तुझ्या आईच्या हाती देऊन बांधीतल्या चिखलात उतरत असशील. गुडघे दुखतात म्हणत होतीस, कसे आहेत? मी फोन करत नाही याचं तुला वाईट वाटतं, हेही आईनं सांगितलं. परीक्षा होती, असं मी तिला म्हणाले. परीक्षा मे महिन्यातच संपली, वहिनी.

तुला आठवतं का, मी इथे जर्मन शिकायला आले तेव्हा आपल्या अड्याळात कोणालाच ते पटलं नव्हतं. त्यात पहिल्याच आठवड्यात कळलं, की एक दुसरी परदेशी भाषाही घ्यावी लागते. यादीत चार नावं होती. मी स्पॅनिशवर खूण करणार होते, सगळ्या मुली तेच घेत होत्या. सहज म्हणून दादाला फोन केला. तो पवनीच्या आयटीआयमधून वेल्डिंग करून तेव्हा नागपूरला नोकरी करत होता आणि कोरियाला जहाजाच्या कारखान्यात जायचे कागद जमवत होता. तो म्हणाला, "स्पॅनिश कायले घेते? कोरियन घे. तू शीक आन् मले शिकव." म्हणून मी कोरियन घेतलं. दुसरं काहीच कारण नव्हतं.

रोज संध्याकाळी वर्गातलं त्याला फोनवर शिकवायची. भाषा वाटली होती तितकी परकी नव्हती. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं, आणि भेटलं की माणसं आपल्यासारखंच विचारतात, जेवलात का. फक्त भाताला ते 'बाप' म्हणतात. हे ऐकून दादा इतका हसला, की पलीकडून तूच फोन घेतलास आणि विचारलंस, काय झालं म्हणून. नवीनच लग्न झालं होतं तुमचं. तो तुला म्हणत होता, "आयक, तिकडचे लोक रोज बाप खातेत." मग तूही हसत सुटलीस. पुढे तो तिकडे गेला आणि साहेबाला अभिमानानं सांगून मोकळा झाला, की माझी बहीण तुमची भाषा बोलते. घरच्या नंबरापुढे त्यानं माझं नाव लिहून दिलं. तेव्हा मला जेमतेम दोन सेमिस्टरचं कोरियन येत होतं.

मागच्या दिवाळीचं तुला मी काय सांगावं. मी सुट्टीवर घरी होते. धान कापून पडलं होतं, आई मजुरांसोबत शेतावर होती. दुपारी बाबांच्या फोनवर तिकडून फोन आला. दादा उंचावरून पडला, ऑपरेशन झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. अकराव्या दिवशी त्याला आणलं. तेव्हा सगळ्यांसमोर तू मला एकच प्रश्न विचारलास. "गुड्डी, त्यानं माझं नाव घेतलं होतं का?" मी म्हणाले, पडल्यापासून त्याला शुद्धच नव्हती. तू मान हलवलीस, आणि पुन्हा कधी विचारलं नाहीस.

सुट्टी संपल्यावर मी इथे परत आले. मे महिन्यात तोंडी परीक्षेला बाईंनी सांगितलं, घरच्यांबद्दल पाच वाक्यं बोल. मी म्हणाले, मला एक मोठा भाऊ आहे. तो जहाजं जोडतो. त्याला भात आवडतो. सगळं वर्तमानकाळात बोलले. बाईंना आमचं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले. बाहेर येऊन जिन्यात बसले.

दादाला शुद्ध होती, वहिनी. फोन करणारी बाई दवाखान्यातली नर्स होती. ती माझ्यासाठी सावकाश बोलत होती आणि मला तिचं सगळं समजत होतं. ती म्हणाली, पेशंट जागा आहे, बायकोशी बोलायचं म्हणतोय. थोड्या वेळात ऑपरेशनला नेतील, ऑपरेशन धोक्याचं आहे, बायको असेल तर आत्ताच फोन द्या. धोक्याचं, हा शब्दही मला येत होता. फोन म्यूट करून मी बाबांना एवढंच सांगितलं, की दादाला लागलं आहे, ऑपरेशन आहे, आणि तो वहिनीशी बोलायचं म्हणतोय. बाबा म्हणाले, "तिले नोको सांगू. सातवा महिना हाये. ऑपरेशन होऊन जाऊ दे, मंग बोलन ती." बाबांचा काय दोष? धोक्याचं हे मी त्यांना सांगितलंच नाही. ते घाबरतील म्हणून, की मलाच ते ऐकायचं नव्हतं म्हणून, अजून ठरवता आलेलं नाही. तू घरामागच्या सांदवाडीत वालाच्या शेंगा तोडत होतीस. दारातून तुझी पाठ दिसत होती, हाक मारली असती तर आली असतीस. मी नर्सला म्हणाले, वहिनी घरी नाहीत. तुला मी अगंतुगं करते, पण तिकडे थोरल्या माणसासाठी मानाचं क्रियापद लावावं लागतं. 'आन गेसेयो.' वर्गात मी ते दर वेळी चुकायची. त्या दिवशी चुकले नाही. नर्स म्हणाली, बरं, त्यांना तसं सांगते. म्हणजे तू घरी नाहीस, हे ऐकून तो आत गेला.

परवा तू आईला फोन करून मला निरोप दिलास, की बाबांचा जुना फोन आता तू वापरतेस, त्यात त्या दिवशीचं बोलणं आपोआप टेप झालेलं सापडलं, आणि तू ते रोज ऐकतेस. त्या बाईचा आवाज मायाळू आहे, असंही म्हणालीस. "गुड्डीले म्हणा, तिचं पहिलं पुस्तक मले पाठव. ती बाई काय म्हणते ते मले माह्या मनानं समजून घ्यायचं हाये." आईला यातलं काही माहीत नाही, तिनं जसाच्या तसा निरोप सांगितला. पुस्तक पाठवते आहे, आणि हे पत्र त्याच्या पहिल्या पानात ठेवते आहे. तू बारावीला तालुक्यात पहिली होतीस, ठरवलंस की शिकशीलच. पण 'घरी नाहीत' हे पाचव्या धड्यात आहे. तुला ते समजेल तेव्हा बोलणारा आवाज माझा असेल. तिथवर पोचायच्या आधी हे तुला माझ्या हातानं लिहिलेलं, आपल्या भाषेत कळावं, एवढ्यासाठी लिहिलं. माफी मागत नाही. ती कोणत्या तोंडानं मागायची, हे मला कोणत्याच भाषेत येत नाही.

अजूनही म्हणू दिलंस तर, तुझीच
गुड्डी