लेकीला चेहरे वाचायला शिकवताना

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून मोहीम सुरू. लेकीला चेहरे वाचायला शिकवायचं. हातात सतरा दिवस. वीस तारखेला तिचा इंटरव्ह्यू आहे, परगावच्या एका नकाशे छापणाऱ्या कंपनीत. छापण्याआधी नकाशातल्या चुका शोधायचं काम. बावीस वर्षांची झाली, चार इंटरव्ह्यू दिले, चारही गेले. चुका तिला दिसतात, माणसं दिसत नाहीत. गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी त्याचं नाव सांगितलं, ऑटिझम. सौ. रडली. मी रडलो नाही. मी कोर्स लावला.

देहबोलीचा ऑनलाइन कोर्स. तीन आठवड्यांचा, मी नऊ दिवसांत उडवला. फोटोतले चेहरे ओळखायच्या परीक्षेत चाळीसपैकी अकरा आले, पण फोटो फारच बारीक होते. पायांच्या धड्यात मात्र पैकीच्या पैकी. येणारच! सत्तावीस वर्षं बुटांच्या शोरूममध्ये काढली आहेत. माणूस तोंडाने काहीही बरळतो, पण पाय खोटं बोलत नाही. शब्द म्हणजे नुसता खोका, बूट आत असतो. सर्टिफिकेट लॅमिनेट केलं.

६ मार्च, गुरुवार
पहिला धडा. मासिकांतून छत्तीस चेहरे कापून तक्ता केला होता. एका बाईचा फोटो दाखवला, विचारलं, काय दिसतं? म्हणाली, पुढच्या दाताचा टवका उडालाय आणि उजेड डावीकडून आलाय. चूक! उत्तर होतं ‘संकोच’. (मागे लिहून ठेवलं होतं म्हणून बरं, मलाही आधी ‘भूक’ वाटली होती.)

दुसरा धडा, नजरेला नजर. तीन सेकंद. म्हणाली, डोळ्यांत पाहिलं की समोरचा काय बोलतो ते ऐकू येत नाही. सबब! शेवटी म्हणाली, मला हे शिकायचं नाही, मला त्रास होतो. पण तिचे पाय सरळ माझ्याकडे वळलेले होते. म्हणजे मनातून हवंय. सौ. मध्येच म्हणाली की खुर्ची पलंग आणि टेबलाच्या मध्ये अडकली आहे, पाय दुसरीकडे वळणार कुठे. सौ.ला या विषयातलं ओ की ठो कळत नाही.

९ मार्च, रविवार
आनंदाची बातमी. काल डॉक्टरीणबाईंनी घरच्यांची माहिती हवी म्हणून मलाही लेकीने भरलेला तोच फॉर्म दिला होता. पन्नास प्रश्न. लेकीचे चौतीस आले होते. माझे एक्केचाळीस! शेवटी बाप तो बाप. बाईंनी बेरीज दोनदा तपासली. मग म्हणाल्या, तुम्हीही एकदा निवांत येऊन बसा माझ्याकडे. बुटांची टोकं माझ्याकडे, टाच किंचित उचललेली. म्हणजे आदर. त्यांच्या इतर पेशंटांसमोर माझं व्याख्यान ठेवायचा विचार दिसतो. मुद्दे काढून ठेवले पाहिजेत.

सौ. रिक्षात कपाळाला हात लावून बसली. अभिमान पचवायला वेळ लागतो.

१२ मार्च, बुधवार. दुपारी
शोरूममध्ये एक बाई बूट घालून पाहत होत्या. चावतोय म्हणाल्या. मी अंगठा पाहिला, तो खुशीत होता. समजावून सांगितलं की तुम्हाला चावतोय असं वाटतंय, पायाला तसं वाटत नाही. घेतला त्यांनी! याला म्हणतात वाचन.

१४ मार्च, शुक्रवार
त्या बाई परत आल्या. टाच सोललेली. काउंटरवर बूट आपटला. मालक मला म्हणाले, सोमवारपासून तुम्ही मागे गोदामात बसा, गिऱ्हाईकांपासून लांब. मी नेहमीप्रमाणे आदराने त्यांच्या बुटांकडे पाहत होतो. पाय एकदम स्थिर. स्थिर पाय म्हणजे विश्वास. सगळा माल माझ्या ताब्यात दिला म्हणायचं.

१६ मार्च, रविवार
रंगीत तालीम. नवा धडा, समोरचा करेल तसं आपणही करायचं, म्हणजे त्याला आपण त्याच्यातलेच वाटतो. मी कान खाजवला, तिने खाजवला. मी पाय हलवला, तिने हलवला. दोन तासांत पाठ! चूक म्हणून नाही. मग म्हणाली, बाबा, वीस तारखेला तू येऊ नकोस. बिचारीला मला तसदी द्यायची नाही.

सौ. दारात हाताची घडी घालून उभी होती. मी तिला शाल आणून दिली. तिने ती खुर्चीवर फेकली. म्हणजे थंडी गेली. रात्री म्हणाली, पोरीला सुखाने जगू दे, बंद कर हा तमाशा. मी तिच्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही, चपलेकडे पाहिलं. चप्पल शांत होती.

२० मार्च, गुरुवार. संध्याकाळी ५
फत्ते!

इंटरव्ह्यूच्या खोलीला दुधी काचेचं पार्टिशन होतं, पण खालची वीतभर काच स्वच्छ. मी बाकावर बसून सगळं पाहिलं. तीन जोड. एक काळा बंद लेसचा, एक तपकिरी, एक बाईंचा बुटक्या टाचेचा. तिन्ही जोडांची टोकं लेकीकडे! दहाव्या मिनिटाला तिन्ही जोड एकदम खुर्चीखाली ओढले गेले. उत्सुकता! बाराव्या मिनिटाला मुलाखत संपली. मनासारखं माणूस मिळालं की वेळ कशाला घालवतील?

लेक बाहेर आली ती भिंतीला धरून. गाडीत तिला उलटी झाली. यशाचा ताण.

२२ मार्च, शनिवार
दोन दिवस चादरीतून बाहेर आलेली नाही. जेवण दारातून परत येतं. हक्काची विश्रांती घेते आहे. मी दाराशी उभा राहून सांगितलं की नोकरी लागली की पुढचा धडा, ऑफिसातल्या गप्पा. आतून उशी आली.

२५ मार्च, मंगळवार
नकार. सौ.ने फोन करून खोदून विचारलं. म्हणे तपकिरी बुटांच्या साहेबांना सर्दी झाली होती. त्यांनी नाक पुसलं की ही नाक पुसायची. ते चष्मा काढून डोळे चोळायचे, तर हिने नसलेला चष्मा काढला. आणि सबंध वेळ बाईंच्या डोळ्यांत टक लावून हसत होती. प्रश्न मात्र एकही ऐकू आला नाही. त्यांना वाटलं, थट्टा करते आहे.

विलक्षण! इतकं अचूक तर मलाही जमलं नसतं. माणसंच कोती.

सौ.चा आवाज चढला. म्हणाली, लेखी परीक्षेत पोरगी पहिली आली होती. नकाशात त्यांनी घातलेल्या तीस चुका तर शोधल्याच, वर त्यांना स्वतःला माहीत नसलेल्या दोन काढून दिल्या. नुसती जाऊन गप्प बसली असती तरी घेतली असती. हे सौ.चं मत झालं.

२८ मार्च, शुक्रवार
अहो आश्चर्यम्! त्या दोन चुकांपायी कंपनी पुन्हा बोलावते आहे. लेक स्वतःहून माझ्यापाशी आली. म्हणाली, इंटरव्ह्यू दहा एप्रिलला, गुरुवारी, सकाळी दहाला. बोलताना माझ्या डोळ्यांत पाहिलं. मीही धीर करून पाहिलं. मनात मोजले, तीन सेकंद. वर छोटंसं हसू. पाय माझ्याकडे.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पोरगी तयार झाली. शेरा: उत्तम.

८ एप्रिल, मंगळवार
मायलेकी पहाटेच मावशीकडे गेल्या, रात्री येणार. बरं झालं, घर शांत. नवा तक्ता केला, अठ्ठेचाळीस चेहरे. सर्दी झालेल्या माणसांसाठी वेगळा रकाना.

१० एप्रिल, गुरुवार. सकाळी ७
मी तयार. बुटांना पॉलिश, तक्ता पिशवीत. लेकीचं दार वाजवलं. ती घरच्या कपड्यांत बाहेर आली. म्हणाली, इंटरव्ह्यू मंगळवारीच झाला. निवड झाली. सोमवारी रुजू व्हायचंय. आई खोली लावून द्यायला येणार आहे.

सकाळी ९
मावशीकडे जाणंही खोटं, गुरुवारही खोटा. लेक जन्मात खोटं बोललेली नाही! तिला ते जमतच नाही, हे मी दहा जणांना सांगितलं आहे. विचारलं, कसं जमलं? म्हणाली, आईबरोबर आरशासमोर दोन दिवस सराव केला. शब्दांत सांगून पाहिलं होतं, सहा मार्चला आणि सोळा मार्चला. तुला ऐकू गेलं नाही.

आणि तिथे काय केलं? म्हणाली, आत गेल्यावर आधीच सांगितलं, मी तुमच्याकडे बघणार नाही, टेबलाकडे बघितलं की मला नीट ऐकू येतं. ते म्हणाले, हरकत नाही. वीस मिनिटं बोलले. एवढंच.

एवढंच! कोर्स धरून सात आठवड्यांची माझी मेहनत, आणि एवढंच.

गोदामात गेलो नाही.

१३ एप्रिल, रविवार. दुपारी ४
दोन बॅगा दारात. तिच्या खोलीतला तक्ता तिने नीट गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवला आहे, रबर लावून.

पाचच्या गाडीने निघतील. मी म्हटलं, स्टेशनवर येतो. म्हणाली, नको. मी तिच्या पायांकडे पाहिलं. नवे बूट होते, दुसऱ्या दुकानातले. काही कळेना. चेहऱ्याकडे पाहिलं, तिथेही काही कळेना. सौ.ला विचारलं, रागावली आहे का ही माझ्यावर? सौ. म्हणाली, तिलाच विचार, ती समोर उभी आहे.

म्हणून विचारलं. म्हणाली, हो.

विचारलं, कधीपासून? तिने जरा आठवून सांगितलं, तिसरीत होते तेव्हापासून. तारीख सांगू का, म्हणाली.

मी नको म्हटलं.