खंडेनवमीची फ्लॉपी

भोकरदन, १७ ऑक्टोबर २००५

श्री. भुजंगराव यांना बद्रीनाथचा दोन्ही हात जोडून नमस्कार (एका हातात पोचपावती असल्यामुळे जोडणी जरा वाकडी आहे, राग नसावा). तुमचा गुडघा कसा आहे? जाफराबादेत टायपिंग शिकायला पोरं अजून येतात ना? इकडे सर्व खुशाल. दोन दिवसांपूर्वी हे वाक्य लिहिण्याची माझी छाती झाली नसती.

तुमच्या बहिणीने आणि मी बसस्टँडसमोर दुकान टाकलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. धंदा साधा आहे. कापसाच्या जिनिंगचे अण्णासाहेब ट्रकवाल्यांना आणि हमालीच्या ठेकेदारांना पैसे देताना कर कापून घेतात. कुणाचा किती कापला, ते त्यांच्या वतीने आम्ही सरकारला दर तीन महिन्यांनी कळवायचं, आणि तेही आता कागदावर नव्हे, इलेक्ट्रॉनिक. (इलेक्ट्रॉनिक म्हणजे संगणकावर भरून, फ्लॉपीत घालून, एस.टी.ने औरंगाबादच्या केंद्रावर नेऊन द्यायचं. या युगाची चाकं शेवटी महामंडळाचीच.) उद्घाटनाला मी पाऊण तास बोललो. छापखान्याच्या शोधापासून सुरुवात करून शेवटी चाळीस माणसांसमोर गर्जना केली, की आमचा पहिला फॉर्म परत आला तर हा बद्रीनाथ पुन्हा माईकला हात लावणार नाही! टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात तुमच्या बहिणीनेच, कांताने, वाजवल्या.

फॉर्म कांतानेच भरला (माझं एक बोट कळफलकावर 'क' शोधत होतं, तोवर तिचे बारा ठेकेदार झाले). मुदत पंधरा तारखेची. मध्ये आली खंडेनवमी. आता सांगा, आपल्याकडे त्या दिवशी विळ्याला, नांगराला, वजनकाट्याला हळदकुंकू लागतं, मग संगणकाने काय पाप केलं? मी विवेकवादी माणूस आहे, पण हत्यार ते हत्यार. संगणकाला झेंडू वाहिला, फ्लॉपी घरी देव्हाऱ्यापुढे आणून तिच्यावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आणि खरी माहिती आत असते म्हणून तिची पत्र्याची खिडकी सरकवून आतही बोट फिरवलं. कांता तेव्हा ओट्याजवळ पुरण वाटत होती. तिने पाहिलं नाही, असं मला वाटलं.

पंधराला सकाळच्या गाडीने गेलो. खिडकीतल्या बाईंनी फ्लॉपी यंत्रात घातली. यंत्र दळण अडकल्यासारखं कुरकुरलं. त्यांनी ती बाहेर काढली, हुंगली आणि म्हणाल्या, "काका, हिची ओटी भरली का काय?" मागची रांग हसली. दुपारी एकला खिडकी बंद होणार होती आणि घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. भोकरदनला जाऊन येणं अशक्य. मी शासनाच्या परंपराद्वेषावर बोलायला लागलो, तर मागून एक ठेकेदार ओरडला, "ओ भाषणवाले, सरका ना जल्दी! आमाला बी जायचंय!"

सरकलो. बाकावर बसलो. तीस वर्षं ज्यावर भाषणं केली तो माईक गेला, अशा मनाने कांताने दिलेला डबा उघडला. वरती दशम्या, मध्ये शेंगदाण्याची चटणी, आणि तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली दुसरी फ्लॉपी. सोबत चिठ्ठी: 'बोलू नका. ही द्या.'

भुजंगराव, मी बोललो नाही. दिली. यंत्र गुमान चाललं, पोचपावती निघाली, आणि मी त्या अनोळखी बाईंना वाकून नमस्कार केला. परतीच्या गाडीत उभ्याने आलो, पण पाय दुखले नाहीत.

कळावे, लोभ पावतीइतकाच जपून ठेवावा.

आपला,
बद्रीनाथ

ता.क. खरं काम राहिलंच. मला तुमच्याकडे टायपिंग शिकायचं आहे. दर रविवारी येईन, घरी सांगेन व्याख्यान आहे. नंतर रोज दुकानात बसायचा विचार आहे. कांताला बिलकुल कळू देऊ नका.

ता.क. २. दादा, पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं ह्यांनी. शिकवू नको. तो माईक मी उगीच न्हाई वाचवला. भाषणं बंद झाली असती, तर हे दिवसभर दुकानात कुणासंगं बोलले असते? तुझी कांता.