मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे

१५ ऑक्टो. २००६
पाणी संस्थेची नवी घटना आज शाळेच्या ओट्यावर वाचून झाली. दोन तास. सगळं भांडण कलम नऊवर : पाण्याची पाळी चारीच्या शेवटच्या शेतापासून सुरू करायची, वरच्यांनी नंतर घ्यायचं. शेवटचं शेत म्हणजे आमचं. लग्न होऊन बावीस वर्षं झाली, गव्हाला तिसरं पाणी एकदाही मिळालेलं नाही. वरचे उसाला पाजतात, आम्ही चारीतला चिखल बघतो.

विरोधकांचा म्होरक्या कोण, तर माझा दादा. माहेर धरणाला चिकटून, सासर चारीच्या शेपटाला. भर सभेत म्हणतो, "पानी वरनं खालीच जातं. घटना लिव्हली म्हून उलटं चालतंय व्हय?" लोक हसले. मी उठले. गुडघ्यामुळं वेळ लागतो, तोवर अध्यक्ष कलम दहावर गेले होते. तरी बोलले. "पहिल्या पानालाच सगळं वाढलं तर शेवटच्यानं पत्रावळ चावायची का, दादा?" मग आमचे हसले.

मंजुरीची सभा दिवाळीनंतर. आमची माणसं जास्त आहेत. होईल.

२४ ऑक्टो., भाऊबीज
दादा आला. पाण्याचा विषय काढायचा नाही असं मीच ठरवलेलं. ओवाळलं. साडी हिरवी, चांगली आहे. चार करंज्या खाल्ल्या.

निघताना पिशवीतून रजिस्टर काढलं. "हजेरीचं हाय. सभंला झुंबड उडती, म्हून आदीच घेतोय." घरोघरी फिरून सह्या घेतातच, नवीन काही नाही. सातबारा माझ्या नावावर, म्हणून सही माझी. बोटाला कुंकू होतं, ते सहीशेजारी उमटलं. पुसायला गेले तर म्हणाला, ऱ्हाऊ दे.

५ नोव्हें.
यांची कारखान्यात पहिली पाळी, म्हणून सभेला एकटीच गेले. अकराची सभा, पावणेअकराला पोचले तर सतरंज्या गुंडाळत होते. दहालाच उरकली. सचिव म्हणे, "झाली की वहिनी, सर्वानुमते."
काय झालं, कुणी नीट सांगेना.

८ नोव्हें.
मेथी घेऊन मारुंजीच्या बाजाराला गेले होते. येताना सचिवांच्या मागं लागून इतिवृत्ताची झेरॉक्स मिळवली.

घटना दुरुस्तीसह मंजूर. कलम नऊ : पाळी पूर्वापार पद्धतीने. सूचक : दादा. अनुमोदक : सौ. कुसुम.

मी. शेपटाच्या बाईनंच अनुमोदन दिलं म्हटल्यावर बाकीच्यांची तोंडं आपोआप बंद. खाली सही, शेजारी बोट. झेरॉक्समध्ये कुंकू काळं येतं.

हरामखोर. लिहिलं, खोडणार नाही.

अण्णा, आमचे वडील, गेल्यावर माहेरच्या जमिनीच्या हक्कसोडावर सही केली तेव्हाही यानं साडीच आणली होती. ती मी समजून उमजून केली. माझं होतं, दिलं. हे पाणी माझ्या घरादाराचं.

९ नोव्हें.
माहेरी गेले. उभ्या उभ्या दादाला विचारलं.
"सही तुजी न्हाई का?"
"हजेरीची आहे ती."
"वर काय लिव्हलंय ते वाचायचं. धावी पास हायेस ना?"
पान कोरं होतं, दादा. वाचणार काय? हे तिथं सुचलं नाही, घरी येऊन सुचलं. त्याचाच संताप जास्त. वहिनीनं चहा ठेवला होता, घेतला नाही.

१२ नोव्हें.
बांधावरची शांताबाई तोंड फिरवून गेली. हाक मारली तर म्हणते, "तुमचाच भाऊ, तुमीच अनुमोदक. आमी काय बोलावं?" दादाच्या बोलण्यापेक्षा हे जास्त लागलं.

सचिवांना गाठलं. खालमानेनं म्हणाले, पुढच्या सभेत पहिला विषय इतिवृत्त कायम करणे, हरकत तिथंच घ्या. तोवर कच्चं. एवढं सांगायला माणसाला घाम फुटला.

६ जाने. २००७
गहू पिवळा पडलाय. वरचा ऊस हिरवागार. सभा उद्या.

संध्याकाळी दादा येऊन गेला. आत आला नाही, अंगणातच. "कुसे, उद्या उटलीस तर मला चारचौघांत खोटं पाडनार तू. मंग माहेर इसर."
मी म्हटलं, "माहेर तूच रजिस्टरात लिहून टाकलंस." तो गेल्यावर रडले. हे म्हणतात, तुझं तू ठरव, मी रजा टाकलीय, शेजारी बसेन.

सभेत कसं करतात ते ठाऊक आहे. इतिवृत्त वाचायचं, "कुणाची हरकत?" म्हणायचं आणि त्याच श्वासात "कायम". मला उठायला त्याहून जास्त वेळ लागतो.

म्हणून उद्या बसायचंच नाही. नऊलाच जाऊन उभी राहीन.